बेसच्या तारांना गिटारचा नियम नको
गिटारच्या तारा दर महिन्याला बदलाच, असा नियम सांगितला जातो. रोज वाजणाऱ्या गिटारला ते ठीक, पण बेसला, म्हणजे जाड तारांच्या, खालच्या सुरांच्या गिटारला, सरसकट लावू नका. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचे वेटोळे असलेल्या, गुळगुळीत) तारा तुटेपर्यंत बदलत नसत. त्यांचा तो जाड, गोल आवाज जुन्या तारांचाच. राउंडवाउंडचं (गोल तारेचे वेटोळे असलेल्या तारांचं) वेगळं, वेटोळ्यांत घाम-मळ साचला की चमक जाते.

तारीख बघण्यापेक्षा तारेखालून नख फिरवा. फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) जागी खाचा लागल्या, किंवा आधी जुळणारा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, हलका स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळेनासा झाला, की तार गेली समजा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गिटारच्या बारीक पोलादी तारांना गंज लवकर चढतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाच, खालच्या बाजूनेसुद्धा.