प्रति: खुरप्याने तुटलेलं गांडूळ
'गांडूळ खुरप्याने तुटलं तर एकाची दोन होतात, वाईट काय' हे म्हणणं पटलं नाही. शाळेत शिकलेलं फेरेटिमा (गांडुळाचा एक प्रकार) घ्या. डोक्याकडून मोजलं तर मेंदू तिसऱ्या खंडात (शरीराच्या कड्यात), हृदयाच्या चार जोड्या ७, ९, १२ आणि १३ व्या खंडांत, अंड्यांचा कोष बनवणारा पट्टा १४ ते १६ मध्ये. सगळं महत्त्वाचं पुढेच! मागचा तुकडा वळवळतो, कारण चेतारज्जू (मज्जातंतूंची दोरी) पार शेपटीपर्यंत जातो. पण बहुतेक जातींत त्याला नवं डोकं फुटत नाही, तो मरतो. पुढचा तुकडा पुरेसा लांब असेल तरच वाचतो.

बोरिवलीला आमच्या सोसायटीच्या बागेत पावसाळ्यात गांडुळं अगदी वरच्या थरात असतात. तेव्हा वाफे खुरप्याने नाही, हातानेच मोकळे करतो. माती ओली असते, सहज होतं.