जिप्सीचं काम घरी: पाच मापांचे पाने पुरतात, आणि बोल्ट सगळीकडे 10.9 ग्रेडचे. पटतंय का?

घाटरस्ता (कल्याण)

मागच्या महिन्यात माझ्या जिप्सी किंगच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल (पाटा चॅसिसला जोडणाऱ्या कड्या) काढायला बसलो. चार बोल्टांपैकी एकाचं डोकं गोल झालं, एक मधोमध तुटला. दोष गंजाचा कमी, माझ्या 108 तुकड्यांच्या सेटचा जास्त. त्यातल्या गोट्या (सॉकेट) बारा कोनी. गंजलेलं डोकं मुळात झिजलेलं, त्यात बारा कोनी गोटी फक्त टोकांवर पकडते आणि टोकंच खाते.

आता माझं ठाम मत झालंय. पेटीतला सेट घेऊ नका. जिप्सी जपानी घराण्याची, तिला 10, 12, 14, 17 आणि 19 मिमीचे पाने लागतात. या मापांच्या सहा कोनी गोट्या आणि रिंग पाने चांगल्या कंपनीचे सुटे घ्या. सोबत एक लांब दांडा. तापरियाचे पाने तर आपल्या नाशिकचेच, गल्लीतल्या दुकानातही मिळतात.

आणि गाडी उघडलीच आहे, तर सगळे बोल्ट 10.9 चे टाका. डोक्यावर 8.8 लिहिलेला बोल्ट साधारण 800 मेगापास्कल ताणाला तुटतो, 10.9 चा 1000 ला. पैशाचा फरक चहापाण्याएवढा. मग कमजोर माल कशाला?

लेथवाला (पिंपरी)

पान्यांचं पटलं. बोल्टांचं अजिबात नाही.

तुमच्या किंगचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियम. तिथे 10.9 चा बोल्ट 10.9 च्या टॉर्कने (कसण्याच्या जोराने) ओढलात, तर बोल्ट जागच्या जागी राहील आणि ब्लॉकचे आटे बाहेर येतील. बोल्ट तुटला तर काढता येतो. आटे गेले तर माझ्यासारख्याकडे येऊन कॉइल इन्सर्ट (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवावं लागतं. माझा धंदा चालतो, पण सांगितलं नाही असं नको. कंपनीने 8.8 दिला असेल तिथे 8.8 च टाका.

खालच्या लोखंडी पत्र्याचं, म्हणजे स्किड प्लेटचंही तेच. दगडावर आपटल्यावर आधी बोल्ट जाऊ द्या, चॅसिसची ब्रॅकेट नको.

दुसरं, तुम्ही फक्त पहिला आकडा वाचलात. 8.8 मधला दुसरा 8 म्हणजे 800 च्या 80 टक्के, 640 ला बोल्ट कायमचा ताणला जातो. 10.9 ला तोच आकडा 900. आपल्याला जपायचं असतं ते हे ताणणं, तुटणं फार पुढची गोष्ट.

खारा वारा (मालवण)

इथे कोकणात येऊन ग्रेडवर वाद घाला. दोन पावसाळ्यांत डोक्यावरचा आकडाच वाचता येत नाही! मी बंपर, फूटस्टेप, हुडाच्या पट्ट्या, नंबरप्लेट, सगळीकडे स्टेनलेस टाकलं. पाच वर्षं झाली, अजून साध्या पान्याने सुटतात. जिप्सीवाल्यांना स्टेनलेसचं वावडं का असतं, मला कळत नाही.

घाटरस्ता

@खारा वारा, वावडं यासाठी की नेहमीचा A2-70 स्टेनलेस बोल्ट 8.8 पेक्षाही नरम. 700 ला तुटतो, 450 ला ताणतो. शॅकलमध्ये टाकणार का?

खारा वारा

शॅकलमध्ये टाका असं कोण म्हणालं? मी बंपर म्हणालो, तुम्ही शॅकल ऐकलंत. सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये स्टेनलेस घालू नये, हे मलाही माहीत आहे. फक्त एक कबूल करतो: स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर कोरडा, वेगाने चढवला तर आटे एकमेकांत रुततात, मग ग्राइंडरशिवाय सुटका नाही. म्हणून अँटीसीझ (आटे रुतू न देणारं वंगण) लावून हातानेच फिरवायचा.

लेथवाला

आणि अँटीसीझ लावलं की टॉर्क कमी करायचा. पुस्तकातला आकडा बहुतेक कोरड्या आट्यांचा असतो. घसरण वाढली की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. हे निम्म्या गॅरेजांना माहीत नसतं.

जुनं लोखंड (कोल्हापूर)

राव, तुम्हा जिप्सीवाल्यांचं बरं आहे, पाच मापांत संसार. माझ्या महिंद्रा एमएम 540 खाली झोपून बघा. विलीज जीपच्या वंशातली, त्यामुळे निम्मे बोल्ट इंची, निम्मे आधीच्या मालकांनी टाकलेले मिलिमीटरचे. आमचे वस्ताद अजून सुतातच मागतात: तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, चार सूत म्हणजे अर्धा. अर्धा इंची डोकं 12.7 मिमीचं, त्यावर 13 चा पाना बसतो, पण खेळतो, आणि खेळला की डोकं गेलंच. पाऊण इंचाला 19 चालतो, कारण ते 19.05 भरतं. नऊ सोळांशाला मात्र 14 चढत नाही आणि 15 सैल पडतो. म्हणून ‘मोठा सेट नको’ हा सल्ला सगळ्यांना देऊ नका. आम्हाला दोन सेट लागतात.

इंची बोल्टावर आकडा नसतो, रेघा असतात. तीन रेघा ग्रेड 5, सहा रेघा ग्रेड 8. कोरं डोकं दिसलं की जागेवर परत लावू नका.

जाता जाता: जिप्सीवाल्यांनी फार मिरवू नये. मिलिमीटरच्या बऱ्याच गाड्यांतही सीटबेल्टचा बोल्ट सात सोळांश इंची, बारीक आट्यांचा असतो. तिथे M11 किंवा M12 (11 किंवा 12 मिमी जाडीचा) कोंबणारे बघितलेत मी.

घाटरस्ता

कोंबण्यावरून आठवलं, सांगायला लाज वाटते. तुटलेल्या बोल्टाच्या जागी दुकानातून M10 आणला. दोन आटे छान गेला, मग अडकला. वाटलं रंग साचलाय, दांड्याला पाईप लावून ओढला. बाजारातला M10 दीडच्या पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर दीड मिमी), माझ्या गाडीतला सव्वाचा. नट गेला. बोल्टाचं डोकंही 17 चं, जिप्सीत M10 ला 14 चं असतं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

लेथवाला

हेच खरं दुखणं. तुमचा वाद ग्रेडवर चाललाय, आणि गाड्या खराब होतात पिचने. पहिलं हत्यार पिच गेज (आट्यांचं अंतर तपासायच्या पट्ट्या) घ्या, पाने नंतर. नवा बोल्ट आधी बोटांनी पूर्ण बसला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या कसण्याला.

घाटरस्ता

पिच गेज घेतो. इंजिनचे बोल्टही 8.8 च ठेवतो, तेवढं मान्य. पण शॅकल आणि शॉकअपचे मी 10.9 च टाकणार. तिथे लोखंडात लोखंड आहे, अॅल्युमिनियमचा प्रश्नच नाही.

लेथवाला

टाका. फक्त पूर्ण आट्यांचा घेऊ नका. शॅकलच्या भोकात बोल्टाचा गुळगुळीत भाग बसायला हवा. आटे भोकात आले की भोक करवतीसारखं खातात. 12.9 च्या मोहात तर पडूच नका. दुकानात मिळतात ते बहुतेक काळे अॅलन बोल्ट, पहिल्या पावसात लाल होतात. वरून झिंक चढवून घेतलं तर इतक्या कडक पोलादात हायड्रोजन शिरून तो न सांगता तडकू शकतो.

जुनं लोखंड

आणि पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट काढलेत तर नवेच लावा. कसल्यावर ते ताणतात, दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत. लावल्यावर दोन-चारशे किलोमीटरनंतर परत कसा. माझ्या मित्राच्या जीपचा मागचा अॅक्सल आंबा घाटात सरकला होता, तेव्हापासून मी डिकीत पाना ठेवतो.

खारा वारा

टॉर्क रेंचबद्दल कोणी बोललंच नाही. मी भाड्याने आणतो. वर्षातून दोनदा लागतो, त्यासाठी विकत कशाला?

लेथवाला

भाड्याचा कुणी कितीदा आपटलाय, तुम्हाला काय माहीत? शिवाय लोक तो कसलेलाच पेटीत ठेवतात. काम झालं की आकडा खाली आणावा लागतो, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. स्वतःचा घ्या, छोटा घ्या.

घाटरस्ता

ठीक. जुने बोल्ट तारेत ओवून ठेवलेत. रविवारी मुंबईच्या नागदेवी बाजारात जातो, एकेक दाखवून जोड्या लावून आणतो.

जुनं लोखंड

रविवारी नागदेवी बंद असते हो. शनिवारी जावा.