नव्या पोरांना पहिले सहा महिने एआय असिस्टंट बंद: पटतंय का?

राजारामपुरीकर

आमचं ऑफिस छोटं आहे. साखर कारखाने, फाउंड्री आणि दूध संस्था यांच्यासाठी सॉफ्टवेअर करतो. यंदा कॉलेजातून थेट आलेल्या मुलांसाठी एक नियम घालायचा विचार आहे: पहिले सहा महिने कोड लिहिताना एआय असिस्टंट वापरायचा नाही. जुन्या लोकांना मुभा. ऑफिसात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथं मांडतोय.

कारण सांगतो. ऊसबिलात २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसाचा द्यायचाच असलेला किमान दर, बसवायची होती. केंद्राचा दर असा: १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) क्विंटलमागे ३५५ रुपये, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा, खाली गेला तर त्याच हिशेबानं कपात, पण उतारा साडेनऊच्या खाली गेला तरी ३२९.०५ पेक्षा कमी नाही. नव्या मुलानं हा मजकूर असिस्टंटला दिला आणि मिनिटाभरात फंक्शन तयार. व्हेरिएबलची नावं व्यवस्थित, कॉमेंट व्यवस्थित, कोड तपासणाऱ्या टेस्टही असिस्टंटनंच लिहिलेल्या आणि सगळ्या पास.

आत हिशेब असा होता: उताऱ्यातून १०.२५ वजा करा, ०.१ नं भागा, फ्लोअर लावून अपूर्णांक टाकून द्या, उरेल त्याला ३.४६ नं गुणा. कोड रिव्ह्यूला, म्हणजे माझ्याकडं तपासायला, आल्यावर मी १०.३५ घालून बघितलं. एक टप्पा वर, म्हणजे ३५८.४६ यायला पाहिजेत. आले ३५५. फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर दशांश आकडे अंदाजे साठवतो त्या प्रकारात, १०.३५ वजा १०.२५ केलं की ०.१ येत नाही, ०.०९९९९९९९९९९९९९९६४ येतं. भागाकार एकाच्या किंचित खाली राहतो आणि फ्लोअर त्याचा शून्य करतं. टनाला ३४ रुपये ६० पैसे गेले. साठ टन ऊस घातलेल्या शेतकऱ्याचे २,०७६ रुपये.

चूक कुणाकडूनही होते, त्याबद्दल तक्रार नाही. मी त्याला विचारलं, फ्लोअर का लावलंस? तो म्हणाला, "सर, त्यानंच लावलंय." मला काळजी या उत्तराची वाटते. ज्या कोडमधून शेतकऱ्याचं बिल निघणार आहे त्याच्या एका ओळीचं कारण लिहिणाऱ्याला सांगता येत नसेल, तर ती ओळ नक्की कुणाची?

गडहिंग्लजची_पोर

सर, राग मानू नका, पण तुमच्या उदाहरणातून तुमचा नियम निघत नाही. फ्लोटची ही चूक एआय यायच्या आधीपासूनची आहे. दहा वर्षांपूर्वी तोच मुलगा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून फ्लोअरची ओळ उचलून लावला असता आणि "तिथं असंच दिलंय" म्हणाला असता.

मी मराठी माध्यमातली. आमच्या घरात कॉम्प्युटर शिकलेली मी पहिली. नोकरीला लागले तेव्हा सिनियरला काही विचारलं की उत्तर यायचं, "गूगल कर." गूगलवर सापडायचं ते अशा इंग्रजीत की दोनदा वाचूनही डोक्यात शिरायचं नाही. आता मी रात्री अकराला असिस्टंटला विचारते, ही डेटाबेसची क्वेरी इतकी हळू का चालते, मला मराठीत सांग. तो सांगतो. नाही कळलं की पुन्हा विचारते, आणि तो वैतागत नाही. ज्याचा मोठा भाऊ पुण्यात आयटीत आहे त्याला बंदीचा काही फरक पडणार नाही, तो भावाला फोन करेल. मी कुणाला करू?

आणि एक. त्या मुलाला उतारा म्हणजे काय हे कुणी सांगितलं होतं का? कारखान्याच्या केन अकाउंटला, म्हणजे ऊसबिलं काढतात त्या विभागात, नेऊन एक जुनं बिल दाखवलं होतं का? की परिपत्रक हातात देऊन "संध्याकाळपर्यंत बसव" म्हटलं होतं?

तपासनीस

मी टेस्टिंगमध्ये आहे. राजारामपुरीकर, तुमच्या उदाहरणात दुसरी चूक आहे आणि ती फ्लोटपेक्षा मोठी आहे. फ्लोअर लावायलाच नको होतं. परिपत्रकातलाच आकडा बघा: ३५५ वजा ३२९.०५ म्हणजे २५.९५. त्याला ३.४६ नं भागा, बरोबर साडेसात येतात. म्हणजे १०.२५ पासून ९.५० पर्यंत सरकारनंच साडेसात टप्पे धरलेत, अर्धा टप्पाही मोजलाय. मग उतारा १०.३० असेल तर दर ३५६.७३ निघायला पाहिजे. नुसतं फ्लोट काढून डेसिमल (दशांश नेमके ठेवणारा प्रकार) वापरलं असतं तर १०.३५ ची टेस्ट पास झाली असती, आणि १०.३० ला ३५५ च राहिले असते.

टेस्टनी हे का पकडलं नाही? कारण कोड आणि टेस्ट दोन्ही एकाच समजुतीतून निघाले. फाउंड्रीत ज्या पॅटर्नवरून (नमुन्यावरून) कास्टिंग ओतलं त्याच पॅटर्नला लावून ते मापलं तर रिजेक्शन कधीच निघणार नाही. आमच्याकडे आता एकच सक्ती आहे: पैशाच्या टेस्टमधले अपेक्षित आकडे माणसानं कागदावर काढायचे, नाहीतर मागच्या हंगामाच्या खऱ्या बिलातून घ्यायचे. कोड कोण लिहितं यात मी पडत नाही.

म्हणून मला तुमचा नियम चुकीच्या जागी बसलेला वाटतो. नवी मुलं घाबरून दोनदा विचारतात. न वाचता पुढं ढकलणारे मी जास्त बघितलेत ते आठ-दहा वर्षांच्या अनुभवाचे. २०२५ मध्ये मेटर या संस्थेनं एक प्रयोग केला. ओपन सोर्समधले (कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोजेक्टांवरचे) १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्या स्वतःच्या माहितीचे प्रोजेक्ट, २४६ कामं. एआय वापरलं तेव्हा त्यांना सरासरी १९ टक्के वेळ जास्त लागला. सुरू करण्याआधी त्यांचा अंदाज होता की २४ टक्के वेळ वाचेल, आणि काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वाचला. हे सगळे सिनियरच होते, आणि मुभा तुम्ही त्यांनाच देताय.

राजारामपुरीकर

फ्लोअर आम्ही रिव्ह्यूतच काढून टाकलं, पोस्ट लांबेल म्हणून लिहिलं नव्हतं. आता सगळा हिशेब पैशाच्या पूर्णांकात होतो. पण साडेसात टप्प्यांवरून तुम्ही ज्या पद्धतीनं पडताळलंत, तेच मला नव्या मुलाच्या हाताला लागायला हवंय. ते आयतं उत्तर घेऊन लागत नाही, एवढंच माझं म्हणणं.

शिरोली_नाका

मेटरचा प्रयोग सगळेच पुढं करतात, पण तो कुणावर झाला तेही सांगा की. वर्षानुवर्षं स्वतः सांभाळलेला मोठा कोड, ज्यातला कोपरा न् कोपरा पाठ आहे, तिथं एआयची मदत कमी होणार हे उघड आहे. उलट बाजूचाही प्रयोग आहे: गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय असिस्टंटवर, ९५ प्रोग्रामर, जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा एचटीटीपी सर्व्हर लिहायचा. कोपायलटवाल्यांचं काम ५५.८ टक्के लवकर झालं. को‍पायलट ज्यांचं त्यांचेच लोक प्रयोग करणाऱ्यांत होते हे धरूनही, कोऱ्या कागदावरच्या छोट्या कामाला फायदा होतो हे मी रोज बघतो.

मी एकटा काम करतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बारक्या मशीन शॉपवाल्यांना काय लागतं? हीट नंबरप्रमाणे (एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) रिजेक्शनचा रिपोर्ट, जॉबवर्कचं चलन, व्हॉट्सॲपवर जाईल अशी पीडीएफ. मोठी कंपनी हे काम घेत नाही, घेतलं तर दर झेपत नाही. पूर्वी मीही नको म्हणायचो, कारण चलनाच्या फॉरमॅटवरच आठवडा जायचा. आता दोन दिवसांत देतो. तो मालक वहीतून बाहेर आला, त्याला कळायला लागलं की कुठल्या हीटचा माल परत येतोय. लय मोठी गोष्ट आहे ही, भावा. पुण्या-बंगळुरूकडं न जाता इथं राहून धंदा करता येतो तो यामुळं.

नवीन पोरगा सहा महिने हे न वापरता बसला तर सातव्या महिन्यात तो माझ्या काय कामाचा?

फॉक्सप्रो_जुना

मी राजारामपुरीकरांच्या बाजूचा आहे, आणि असिस्टंट रोज वापरतो. दोन्ही खरं आहे.

व्हिज्युअल फॉक्सप्रो या डेटाबेसच्या जुन्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली थांबवला. आमच्या एका ग्राहकाकडं ते अजून चालतंय, आणि आत सभासदांची नावं-गावं युनिकोडच्या (अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. 'शिरोळ' मधली वेलांटी आधी, श नंतर. युनिकोडमध्ये श आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलटं: 'अर्जुनवाड' मध्ये जुना फॉन्ट रफार ज च्या नंतर ठेवतो, युनिकोडला र् ज च्या आधी लागतो. हे बदलून देणारा प्रोग्राम असिस्टंटनं पटकन लिहिला, नाही म्हणणार नाही. हातानं ते टेबल बनवायला मला कितीतरी दिवस गेले असते. पण त्यानं रफार फक्त एक अक्षर मागं सरकवला होता. ज ला उकार आहे, म्हणजे रफार उकारापाशीच अडकला आणि गावाचं नाव मोडलं. मला ते यादीवर नजर टाकल्याबरोबर दिसलं, कारण ही गावं आणि हा डेटा मी वीस वर्षं हाताळतोय. नव्या मुलाला प्रोग्राम चालला, एरर आली नाही, एवढंच दिसलं असतं.

पीटर नाउर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं १९८५ मध्ये मांडलं होतं की प्रोग्राम म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोक्यात तयार झालेली समज, कोड हा तिचा एक भाग. ती समज असलेली माणसं गेली की कोड जागेवर असूनही प्रोग्राम मेलेला असतो. मी ऐंशीच्या दशकातला विद्यार्थी, मला ते तेव्हा पटलं होतं आणि आज जास्त पटतंय. असिस्टंटनं लिहिलेल्या कोडात ती समज पहिल्या दिवसापासून कुणाच्याच डोक्यात नसते. माझ्यासारखे निवृत्त झाल्यावर ग्राहकाचा फोन कोण घेणार?

गडहिंग्लजची_पोर

काका, तुमच्या डोक्यात ती समज कशी आली ते पण लिहा ना. तुमच्या शेजारी कुणीतरी बसलं असेल, कारखान्याच्या हिशेबनीसानं तुम्हाला खतावणी उलगडून दाखवली असेल. आम्हाला ते मिळत नाही. नियम आला की असिस्टंट जाणार, आणि त्याच्या जागी माणूस येणार नाही. मग समज कुठून यायची?

शिरोली_नाका, तुमचंही मला पूर्ण पटत नाही. "सातव्या महिन्यात काय कामाचा" म्हणताय, पण तुम्ही दोन दिवसांत चलन देता कारण त्याआधी तुम्ही आठवडा घालवून ते शंभरदा केलंय. मला तो आठवडाही हवाय आणि असिस्टंटही हवाय. एकाच्या बदल्यात दुसरं, असं कुणीही सांगू नका.

इचलकरंजीकर

शिकण्याची चर्चा चालू द्या, पण एका गोष्टीवर कुणी बोललं नाही. अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं (दुसऱ्यानं लिहून ठेवलेल्या तयार कोडचं) नाव असिस्टंट ठोकून देतो. २०२५ च्या एका संशोधनात १६ एआय मॉडेलकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने घेतले, त्यांत सुचवलेल्या पॅकेजपैकी (म्हणजे अशा लायब्ररींपैकी) जवळपास २० टक्के अस्तित्वातच नव्हती. असं एखादं नाव कुणी हेरून त्या नावानं विषारी पॅकेज टाकून ठेवलं की नवा मुलगा डोळे झाकून इन्स्टॉल करणार. पैशाच्या कोडाइतकंच हेही रिव्ह्यूत धरा: नवी लायब्ररी आली की ती कुणाची आहे, कधीपासून आहे, हे बघितल्याशिवाय पुढं नाही.

आणि शेतकऱ्यांचा डेटा. एरर समजावी म्हणून आख्खी फाइल असिस्टंटला चिकटवतात, त्यात आधार नंबर आणि बँक खाती असतात. हे नव्या-जुन्या सगळ्यांना आजपासून बंद पाहिजे. यात दोन मतं असू नयेत.

तपासनीस

याला माझा पूर्ण पाठिंबा. टेस्टसाठी खोटा डेटा तयार करून द्या, तो असिस्टंटकडूनच करून घ्या हवं तर.

राजारामपुरीकर

गडहिंग्लजच्या ताईंचा प्रश्न टोचला आणि टोचायलाच हवा होता. नियमात बदल करतोय. सरसकट बंदी नाही. समजून घ्यायला, एरर वाचायला, जुना कोड उलगडायला पहिल्या दिवसापासून वापरा, मराठीत विचारा. दर, वजन, व्याज, कपात यांचा कोड मात्र पहिले सहा महिने स्वतः लिहायचा, आणि त्याआधी दोन उदाहरणं कागदावर सोडवून सिनियरला दाखवायची. टेस्टचे आकडे त्या कागदावरचे. हे आकड्यांचं सिनियरनाही लागू, तपासनीस म्हणतात ते मान्य. आणि रोज एक तास एक सिनियर नव्या मुलांसोबत बसेल. गळीत सुरू झालं की प्रत्येकाला एक दिवस कारखान्यावर, वजनकाट्यापासून बिलापर्यंत.

शिरोली_नाका

तो रोजचा तास ग्राहकाच्या बिलात कसा बसवणार? माझा अनुभव सांगतो, एकही मालक त्याचे पैसे देणार नाही. आणि पैशाचा कोड सोडून बाकी काय उरतं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये? ही जवळजवळ तीच बंदी आहे.

राजारामपुरीकर

स्क्रीन, रिपोर्ट, एसएमएस, बॅकअप, लॉगिन, खूप उरतं. तासाचे पैसे ग्राहकाकडून मागणार नाही, ऑफिसच सोसेल. त्यासाठी या हंगामात एक काम कमी घ्यावं लागेल, भागीदाराशी त्यावर बोलणं चालू आहे आणि तो अजून तयार नाही.

गडहिंग्लजची_पोर

तयार झाला तर इथं लिहा, सर. आमच्या ऑफिसात दाखवायला मला ते लागेल. कागदावर सोडवायची उदाहरणं कुठली देताय तेही टाका, मी या आठवड्यात १०.३० आणि ९.४० स्वतः करून बघते.