लांब, बुटकी, जड गाडी म्हणजे स्थिर आणि आरामदायी? हा समज आता सोडायला हवा

वळणवाट (धागाकर्ता)

लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकल घ्यायची म्हटली की एक सल्ला हमखास मिळतो: "लांबलचक, बुटकी आणि वजनदार गाडी घे. रस्ता सोडत नाही आणि अंगही दुखत नाही." या सल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मला खटकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी स्थिर राहते ती तिच्या भूमितीमुळे आणि अंग वाचतं ते सस्पेन्शन आणि बसण्याच्या ठेवणीमुळे. लांबी, बुटकेपणा आणि वजन यांना फुकटचं श्रेय मिळतं.

आधी सरळ चालण्याबद्दल. हँडल ज्या आसाभोवती फिरतं तो आस उभ्या रेषेपासून जेवढा मागे कललेला असतो तो रेक. तोच आस खाली वाढवला तर जमिनीला जिथे लागतो, त्याच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसातल्या खुर्चीचं चाक जसं ओढलं की आपोआप मागे वळून सरळ होतं, तसं पुढचं चाक ट्रेलमुळे सरळ राहू पाहतं. आता हिशेब करा. चाकाची त्रिज्या 300 मिमी, रेक 24 अंश आणि फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) ऑफसेट, म्हणजे चाकाचा अ‍ॅक्सल हँडलच्या आसापासून जेवढा पुढे असतो ते अंतर, 30 मिमी धरला तर ट्रेल येतो साधारण 101 मिमी. बाकी काहीही न बदलता रेक 30 अंश केला की तोच ट्रेल 139 मिमीच्या घरात जातो. वजन एक ग्रॅमही वाढलं नाही, तरी गाडी सरळ रेषेत जास्त हट्टी झाली. हा हट्टीपणा फुकट मात्र मिळत नाही. वळणात शिरताना हँडल जड लागतं आणि गर्दीत सावकाश चालवताना ते एका बाजूला पडू पाहतं.

दुसरा मुद्दा बुटकेपणाचा. गुरुत्वमध्य जितका खाली तितकं चांगलं, असं सगळे धरून चालतात. होंडाने 1984 मध्ये एनएसआर500 या रेसच्या गाडीत इंधनाची टाकी इंजिनाखाली नेली आणि एक्झॉस्टचे पाइप वर, टाकीच्या नेहमीच्या जागी घेतले. वजन खाली गेलं, पण गाडी वळायला कुरकुरू लागली. पुढच्या वर्षी टाकी पुन्हा वर आली आणि 1985 मध्ये फ्रेडी स्पेन्सरने 250 आणि 500 सीसी या दोन्ही गटांची विश्वविजेतेपदं जिंकली. कारण असं, की गाडी कलते तेव्हा टायर बाजूला सरकतात आणि गाडी साधारण स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरते. वजन त्या मध्यापासून लांब असेल, मग ते वर असो की खाली, फिरवायला जोर लागणारच. वजन खाली असण्यापेक्षा ते एकवटलेलं असणं जास्त महत्त्वाचं.

त्यात रुंद टायर आला की आणखी पंचाईत. 50 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 60 किमीने घ्यायला तत्त्वतः 30 अंशांच्या आसपास कलावं लागतं. टायर रुंद असेल तर जमिनीला टेकणारा भाग आतल्या बाजूला सरकतो, म्हणून त्याच वळणाला आणखी काही अंश कलावं लागतं. गुरुत्वमध्य खाली असेल तर हा फरक वाढतो. म्हणजे ज्या गाडीचं फूटबोर्ड आधी घासतं, तिलाच जास्त झोपवावं लागतं.

आणि आराम? बऱ्याच बुटक्या क्रूझरमध्ये मागच्या चाकाला 100 मिमीसुद्धा चाल (वर-खाली व्हायला जागा) नसते. सीट बुटकी करायची तर चाल कापावीच लागते. पाय पुढे पसरलेले असल्यामुळे खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर जोर देऊन उठता येत नाही. सगळा दणका माकडहाडातून थेट पाठीत जातो. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून जे सुख वाटतं ते दोन तासांनी तपासायला हवं.

शेवटी एक उदाहरण. 1950 साली नॉर्टनने रेक्स मॅकॅन्डलेस यांची नवी चौकट रेसिंगला उतरवली. मागे स्विंगआर्म (चाकाला वर-खाली होऊ देणारा बिजागरीचा हात), पुढे टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा). ती चालवून पाहिल्यावर रेसर हॅरोल्ड डॅनियल म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, म्हणून तिला फेदरबेड म्हणू लागले. त्याच वर्षी जेफ ड्यूकने तिच्यावर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली. ज्या गाडीत स्वार कमी थकतो, तीच उत्तम वळते. हे दोन गुण एकमेकांचे शत्रू नाहीत.

सरळरस्ता

असहमत. उदाहरणं सगळी रेसची, आणि प्रश्न लांबच्या प्रवासाचा. दिवसभर हायवेवर चालवणाऱ्याला वळणात किती चपळाई लागते?

लांब व्हीलबेसला (दोन चाकांमधल्या अंतराला) तुम्ही फुकटचं श्रेय म्हणता, पण त्यामागेही शास्त्रच आहे. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की गाडी पुढे-मागे डोलते. दोन चाकांत अंतर जास्त असेल तर तेवढ्याच उंचवट्याने ती कमी डोलते. ब्रेक मारल्यावर पुढे सरकणारं वजन गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस या प्रमाणात असतं. म्हणजे गाडी लांब आणि बुटकी असेल तर नाक कमी खुपसते. वजनाचंही तसंच: स्प्रिंगवरचं वजन चाकांच्या मानाने जितकं जास्त, तितके चाकांचे धक्के वर कमी पोचतात. बाजूने वारा आला किंवा ट्रक शेजारून गेला तर हलकी गाडी ढकलली जाते, जड गाडी फारशी दाद देत नाही.

आणि होंडाच्या गोल्ड विंग या प्रवासी गाडीचं काय? सहा सिलिंडर आडवे, त्यामुळे वजन खाली, व्हीलबेस 1,700 मिमीच्या जवळपास, आणि वजन इतकं की रिव्हर्सची सोय द्यावी लागते. तिच्यापेक्षा आरामदायी आणि स्थिर गाडी दाखवा. तिन्ही गुण तिच्यात आहेत, आणि ती वळतेही सुरेख.

वळणवाट

व्हीलबेस आणि डोलण्याचा मुद्दा बिनशर्त मान्य. गोल्ड विंगबद्दल मात्र एक सांगतो. 2018 पासून तिला पुढे साधा फोर्क नाही, डबल विशबोन (चाकाला एकावर एक अशा दोन बिजागरीच्या हातांनी धरणारी रचना) आहे. सस्पेन्शनची हालचाल आणि हँडलचं वळणं वेगळं करायला होंडाने एवढा खटाटोप केला. नुसतं लांब, बुटकं आणि जड असणं पुरलं असतं तर हे कशाला केलं असतं?

यंत्रवेडी

दोघंही "स्थिर" हा शब्द असा वापरताय जणू ती एकच गोष्ट आहे. 1971 मध्ये रॉबिन शार्प यांनी मोटरसायकलच्या गतीची समीकरणं मांडली, त्यात अस्थिरतेचे तीन वेगवेगळे प्रकार दिसतात. एक, गाडी हळूहळू एका बाजूला पडत जाणं. हे स्वार नकळत सांभाळतो. दोन, वॉबल: पुढचं चाक आणि हँडल सेकंदाला साधारण 7 ते 9 वेळा थरथरणं. तीन, वीव्ह: अख्खी गाडी सेकंदाला 2 ते 4 वेळा शेपूट हलवत नागमोडी जाणं, आणि हे जास्त वेगात होतं.

गंमत अशी की एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, उलटाही पडू शकतो. स्टीअरिंग डँपर (हँडलची थरथर रोखणारा दट्ट्या) लावला तर वॉबल दबतो, पण तो फार कडक केला तर वीव्ह बळावतो. म्हणून "ही गाडी स्थिर आहे" असं कोणी म्हटलं की मी विचारते: कोणत्या वेगाला, आणि मागे किती सामान घेऊन?

सामानाचं मी मुद्दाम लिहितेय. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर टॉपबॉक्स बसवायचा आणि त्यात सगळ्यात जड वस्तू भरायच्या, हे कितीतरी जण करतात. चांगल्या भूमितीची गाडीही अशाने वीव्हकडे झुकते. जड सामान साइडबॉक्समध्ये, खाली आणि जमेल तेवढं पुढे ठेवावं. सामान लावून किती वेगाने जायचं याची मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत असते, ती उगाच नसते.

धागाकर्त्यांच्या ट्रेलच्या मुद्द्यालाही थोडी पुस्ती. सायकलीवर याचे सुंदर प्रयोग झाले आहेत. डेव्हिड जोन्स यांनी 1970 मध्ये पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारं आणखी एक चाक लावून जायरोचा परिणाम (फिरतं चाक आपली दिशा टिकवू पाहतं तो) रद्द केला, तरी सायकल चालवता आली. मग सगळे म्हणू लागले की खरी करामत ट्रेलची. 2011 मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी जायरो रद्द केलेली आणि ट्रेल किंचित उणा ठेवलेली सायकल बनवली. ती ढकलून सोडली तरी स्वतःचा तोल सांभाळत गेली. पुढच्या भागातलं वजन कुठे आहे यानेही चाक पडण्याच्या दिशेला वळतं आणि गाडी सावरते. मोटरसायकलीला ट्रेल हवाच, पण एका आकड्यावर सगळी स्थिरता तोलू नका.

पायजमिनीवर

बुटकेपणावर एवढं लिहिलंत, पण सीटची उंची कोणाला लागते ते कोणीच लिहिलं नाही. माझी उंची कमी आहे. दोनशे किलोची गाडी सिग्नलला उतारावर थांबते आणि माझी फक्त बोटं टेकतात, तेव्हा रेक आणि ट्रेल माझ्या कामाचे नसतात. गाडी पाच-सात अंशांपलीकडे कलली की माझ्या ताकदीने सावरत नाही. ती भीती मनात असली की वळणातही अंग आखडतं, हँडल घट्ट धरलं जातं आणि गाडी नीट वळत नाही. बुटकी गाडी मला हौस म्हणून नको आहे. तिच्याशिवाय मी निर्धास्त चालवूच शकत नाही.

वळणवाट

ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा होता. फक्त सीट खाली आणण्याचे मार्ग सारखे नाहीत. बरेच जण मागची लिंक बदलून गाडी पाडून घेतात. 1,400 मिमी व्हीलबेसच्या गाडीचा मागचा भाग 30 मिमी खाली आणला तर रेक सव्वा अंशाने वाढतो आणि ट्रेल सात-साडेसात मिमीने. हँडल जड होतं आणि वळणात स्टँड लवकर घासतो. तेवढंच पुढूनही, फोर्क त्याला धरणाऱ्या पट्टीत (टीमध्ये) वर सरकवून खाली घेतलं तर भूमिती जागेवर येते, पण जमिनीपासूनचं अंतर कमी झालं ते झालंच. म्हणून आधी सीटकडे बघा. मांड्यांच्या जागी सीट अरुंद करून घेतली की उंची तीच राहूनही पाय बऱ्यापैकी खाली पोचतात.

पायजमिनीवर

अरुंद सीटवर तासाभरात बूड दुखतं, त्याचं काय?

शॉकअपवाला

पुढे मांड्यांपाशी अरुंद आणि मागे बसायच्या जागी रुंद, अशी करून घ्यायची. फोम मऊ नको. मऊ फोम अर्ध्या तासात पूर्ण दबतो आणि हाडं थेट खालच्या प्लेटवर टेकतात. बेताचा कडक फोम सुरुवातीला टोचतो, पण संध्याकाळी तोच बरा वाटतो.

आणि सगळ्यांनाच सांगतो: गाडीची भूमिती कागदावर काहीही असो, तुम्ही चालवता ती भूमिती सॅग ठरवतो. तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते मोजलंय का कधी? फोर्कच्या चकचकीत नळीवर, सीलला लागून एक झिपटाय बांधा, हाताने सरकेल इतपत. मित्राला गाडी धरायला सांगा, नेहमीच्या जॅकेट-हेल्मेटसह हलकेच बसा, नीट ठेवणीत या आणि तसेच उतरा. मग दोघांनी मिळून पुढचं चाक जमिनीवरून उचलून फोर्क पूर्ण ताणा आणि सील ते झिपटाय अंतर मोजा. रस्त्यावरच्या गाडीला एकूण चालीच्या चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा एवढं अंतर हवं. 120 मिमी चाल असेल तर 30 ते 40 मिमी. मागेही तसंच, तिथे अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या ठरावीक बिंदूपर्यंत टेपने मोजा.

बहुतेक गाड्या एकट्याच्या प्रीलोडवर (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे त्यावर) डबलसीट फिरतात. मागचा भाग बसतो, रेक वाढतो, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट झाडांवर पडतो, आणि मालक म्हणतो की कंपनीने हँडलिंग बिघडवलं. मागच्या शॉकअपचं रिंग दोन घरं फिरवायला पाना सीटखालीच असतो.

सरळरस्ता

हे पटलं. पण फोर्कच्या गोष्टीवर अजून बोलायचंय. जोरात ब्रेक मारला आणि पुढून 50 मिमी गाडी बसली की रेक दोन अंशांनी घटतो, ट्रेल बारा मिमीने. म्हणजे नेमकी गरज असताना गाडी स्वतःची स्थिरता कमी करते. बीएमडब्ल्यूने 1993 मध्ये आर1100आरएसला टेलीलिव्हर (पुढच्या सस्पेन्शनची वेगळी रचना) दिला, त्यात ब्रेक मारल्यावर पुढचा भाग फारसा बसतच नाही. ही सोय प्रत्येक प्रवासी गाडीत का नसावी?

वळणवाट

कारण ते बसणंच हाताला बातमी देतं. फोर्क किती दबला यावरून पुढच्या टायरवर किती भार आला ते कळतं, आणि ट्रेल कमी झाल्यामुळे वळणाच्या तोंडाशी गाडी झटकन आत येते. टेलीलिव्हरच्या गाड्या चालवणारे अनेकजण हीच तक्रार करतात, की पुढचं चाक काय करतंय ते कळत नाही. ओल्या रस्त्यावर मला ती बातमी हवी आहे.

सरळरस्ता

ओल्या रस्त्यावरच मला उलट हवं आहे. घाबरून ब्रेक दाबला गेला तरी गाडी सपाट राहिली पाहिजे. आता एबीएस असताना टायरची बातमी हातानेच घ्यायला हवी असं नाही. दमलेला माणूस सातव्या तासाला बातम्या वाचण्याच्या स्थितीत नसतो, आणि प्रवासी गाडी त्या सातव्या तासासाठीच बनवायला हवी.

यंत्रवेडी

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण वळणात कललेल्या गाडीला साधं एबीएस पुरत नाही. त्याला कल मोजणारा सेन्सर लागतो. तो आहे की नाही ते आधी बघा, मग फोर्क की टेलीलिव्हर यावर भांडा.