टप्पे लांबवताना महागाईचे काय?
शहरापुरती किमान वेतनातील वाढ दोनऐवजी पाच वर्षांत विभागल्यास लहान व्यावसायिकांना सावरायला वेळ मिळेल, हे म्हणणे मला अंशतः पटते. मात्र अंतिम दर आजच ठरवून तो पाच वर्षांनी द्यायचा असेल, तर दरम्यानची महागाई त्यातला बराचसा हिस्सा खाऊन टाकते आणि कामगाराच्या हाती नावापुरतीच वाढ पडते. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने २०१४ मध्ये ताशी १५ डॉलर किमान वेतनाचा निर्णय घेताना पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना कमी, तर लहान आस्थापनांना २०२१ पर्यंत मुदत दिली आणि पुढील वाढ महागाईशी जोडली. ही जोडणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मंदीत एखादा टप्पा पुढे ढकलण्याची तरतूद ठेवायचीच असेल, तर तिची कमाल मुदत कायद्यातच लिहावी; अन्यथा स्थगिती उठवण्याची घाई कोणालाच नसते, आणि घरभाडे मात्र थांबत नाही.