भाच्याला हेलिकॉप्टर शिकायला पाठवावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. भाच्यानं हेलिकॉप्टर पायलट व्हायचं डोक्यात घेतलंय. बेळगावजवळच्या सांब्र्याच्या विमानतळाच्या कुंपणाला लहानपणापासून चिकटलेला पोरगा तो! ताईची झोप उडालीय, आणि विचारते मला.

मी वाचलं ते असं: शिकायच्या रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरचा वरचा पंखा हलका. इंजिन बंद पडलं की एक-दीड सेकंदात कलेक्टिव्ह (पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा दांडा) खाली घ्यायचा, नाहीतर पंख्याचे फेरे घटतात आणि ऑटोरोटेशननं, म्हणजे इंजिनाविना नुसत्या हवेनं फिरणाऱ्या पंख्यावर, उतरणंच होत नाही. अमेरिकेत १९९५ पासून या यंत्रासाठी खास प्रशिक्षण सक्तीचं आहे.

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचं कुणी शिकलंय का? पहिल्या सोलोआधी (एकट्यानं उडवण्याआधी) ऑटोरोटेशन कितीदा करून घेतलं? शाळा निवडताना काय विचारावं? ताईला काय सांगू, तेही सुचवा.