मदत हवी आहे: एकच प्रत, दुकानातही विकली जाते आणि ऑनलाइनही

जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. कपाटांत साधारण ४००० पुस्तकं, विषयवार लावलेली. त्यातली १५०० ऑनलाइन टाकली आहेत, बहुतेकांची एकच प्रत. ऑर्डर आली की पुस्तक एकतर सापडत नाही, नाहीतर आदल्या दिवशीच गल्ल्यावर विकलेलं असतं. ऑर्डर रद्द केली की विक्रेत्याचं मानांकन घसरतं. नोंदी एक्सेलमध्ये आहेत, त्या रात्री दुकान बंद करताना भरतो.

दुसरी अडचण: 'प्रत चांगली' असं लिहून पाठवलेली पुस्तकं परत येतात. तिसरी: नव्या लॉटमध्ये कसर दिसली, वासही कुबट आहे.

सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याआधी काय करता येईल?

---

कप्पेकरी

सॉफ्टवेअर राहू दे, आधी जागा लावा. विषयवार मांडणी चाळत बसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असते. ऑर्डर काढणाऱ्याला विषयाशी काही देणंघेणं नाही, त्याला ठिकाण हवं.

ऑनलाइनच्या मालाला वेगळी रॅक करा. क्रमांक ०००१ पासून, ज्या क्रमाने नोंद कराल त्याच क्रमाने. नवीन पुस्तक कायम शेवटी. विकलेल्याची जागा रिकामी राहू द्या, मध्ये काही घुसवू नका. फार पोकळ्या झाल्या की पुस्तकं सरकवून घ्या, पण क्रमांक बदलायचा नाही आणि विकलेल्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. तोच क्रमांक ऑनलाइन नोंदीत एसकेयूच्या (विक्रेत्याने मालाला दिलेल्या स्वतःच्या क्रमांकाच्या) रकान्यात घाला.

क्रमांक पुस्तकावर पेनाने लिहू नका, स्टिकरही नको, काढताना कव्हरचा रंग घेऊन येतो. कागदाची पट्टी घालायची, वर दोन सेंटिमीटर दिसेल अशी. पट्टीवर क्रमांक आणि नावाचे पहिले दोन शब्द. पट्टी गळून पडली तर कुठली होती ते त्या शब्दांवरून कळतं.

---

गल्ला_सांभाळा

कप्पेकरींशी अर्धाच सहमत. १५०० चांगली पुस्तकं आत नेऊन ठेवली तर दुकानात उरणार चोथा, आणि चोथा बघायला कोण येतं?

वाटणी करा. दुर्मीळ, संदर्भाची, संच असलेली पुस्तकं आतल्या रॅकवर. ज्याला ती हवी असतात तो शोधूनच येतो. हातात घेऊन चाळल्यावरच खपणारी पुस्तकं दुकानात ठेवा आणि ती ऑनलाइन टाकूच नका. स्वस्त पुस्तकावर नोंदणी, फोटो, पॅकिंगचा वेळ घालवण्यात हशील नाही. मधली दोन-तीनशे दोन्हीकडे ठेवायची असतील तर त्यांच्या पट्ट्या लाल करा. गल्ल्यावर नियम एकच: लाल पट्टी दिसली की पैसे घेण्याआधी मोबाइलवर ती नोंद बंद करायची. रात्री नाही, त्याच क्षणी. दोनदा विकली जाणारी प्रत तुमच्या त्या रात्रीपर्यंतच्या फटीतूनच निसटते.

विकलेल्या पुस्तकाची लाल पट्टी काढून डब्यात टाकत जा, संध्याकाळी डब्यातल्या पट्ट्या आणि बंद केलेल्या नोंदी मोजून ताळा घ्या. एकाहून जास्त संकेतस्थळांवर माल टाकायला लागाल तेव्हा मात्र सॉफ्टवेअर घ्याच, हाताने निभावत नाही.

---

मुद्रणदोष

परत येणाऱ्या पुस्तकांबद्दल. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात 'चांगली' म्हणजे वापरलेली, झिजलेली, पण पानं पूर्ण असलेली प्रत. विकत घेणारा मात्र तो शब्द शब्दशः घेतो. म्हणून श्रेणीच्या भरवशावर राहू नका. ठरलेल्या क्रमाने लिहा: कव्हर, कणा, पानांच्या कडा, आतली पानं, नाव किंवा शिक्का. 'कण्यावर चिरा, पहिल्या पानावर पेनाने नाव, पृष्ठ ४० ते ५५ वर पेन्सिलच्या खुणा.' चार फोटो पुरतात: कव्हर, कणा, आवृत्तीची माहिती असलेलं पान आणि सगळ्यांत वाईट भाग. चौथा टाळू नका, परतावे तोच वाचवतो.

ग्रंथालयाचा शिक्का असेल तर पुस्तक रद्दबातल केल्याची खूण आहे का, ते विकत घेतानाच बघा. नसेल तर घेऊ नका. नकाशे, घडीची चित्रंही मोजा, नेमकी तीच फाडलेली असतात.

आयएसबीएनवर (पुस्तकाच्या आवृत्तीला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर) आंधळा विश्वास नको. पुनर्मुद्रणाला सहसा जुनाच क्रमांक राहतो, त्यामुळे पहिली आवृत्ती त्यावरून ठरत नाही. २००७ पूर्वी तो दहा आकडी होता. त्याच्या पुढे नुसता ९७८ जोडून भागत नाही, शेवटचा तपासणी अंक नव्याने काढावा लागतो. आणि एक्सेलमध्ये तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर दहा आकडी क्रमांकाच्या सुरुवातीचा शून्य उडतो आणि तेरा आकडी भलत्याच रूपात दिसतो.

---

धागाकर्ता

एक्सेलने शून्य खाल्लेत हे आत्ता बघितलं, बरेच आहेत. कसरीचं काय करू?

---

मुद्रणदोष

तो लॉट आजच वेगळ्या खोलीत हलवा. किडीसाठी: पुस्तक कोरडं असल्याची खात्री करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा, फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, थंड कागदावर दव धरतं. चामडी बांधणीची पुस्तकं यातून वगळा.

कुबट वास बुरशीचा असेल, तर ती थंडीने मरत नाही, नुसती झोपते. ती आधी हवेशीर जागी सुकवायची, मग बाहेर नेऊन मास्क लावून मऊ ब्रशने झटकायची. ओल्या फडक्याने पुसलीत तर कागदात मुरेल. उरलेल्या वासासाठी झाकणाच्या खोक्यात उघड्या वाटीत खाण्याचा सोडा ठेवा आणि पुस्तक त्याला न टेकता उभं, पानं थोडी मोकळी करून, आठवडाभर. वास पूर्ण जाईलच असं नाही. गेला नाही तर वर्णनात तसं लिहा.

खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी परत येते. साधा आर्द्रतामापक टांगा आणि कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

---

कप्पेकरी

पॅकिंगचं विचारलं नाहीत, पण परताव्यात त्याचाही वाटा असतो. आधी प्लॅस्टिक, मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा सेंटिमीटरभर मोठे पुठ्ठे. कोपरे तेव्हाच वाचतात. बांधायला रबरबँड वापरू नका, कडा कापतो.